मोळीला नंबर नाही

गेल्या पावसाळ्यात दादरला एका हॉलात परिसंवाद होता. विषय छापला होता : माहिती तंत्रज्ञान आणि ग्रामीण आर्थिक विकास. मी गेलो. रात्रपाळी संपवून, अंगाला गोणपाटाचा वास घेऊन थेट गेलो. का गेलो, तर पत्रिकेवर 'सर्वांसाठी खुला' असं लिहिलं होतं आणि आपल्याला फुकटचा चहा वर्ज्य नाही. हॉल थंडगार. खुर्च्या मऊ. पहिला वक्ता उठला आणि म्हणाला, माहिती हेच उद्याचं भांडवल आहे. दुसरा म्हणाला, खेडुताच्या हातात माहिती द्या, तो आपोआप वर येईल. तिसऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. डोक्याला पटका, हातात मोबाईल, मागं हिरवागार ऊस. टाळ्या.

मी हात वर केला. म्हणालो, ह्या फोटोतला ऊस तोडणार कोण? त्याचं नाव तुमच्या यंत्रात कुठल्या रकान्यात येतं?

अध्यक्ष हसले. म्हणाले, प्रश्न चांगला आहे, पण वेळ संपली. चहा तयार आहे.

चहा मी प्यालो. बोलायचं राहिलं ते इथं बोलतो.

दोस्तांनो, मी दहावी पास. गोदीत ठेकेदाराकडं हमाल. कविता लिहितो, त्याची मजुरी कुणी देत नाही. निर्यातीला परवानगी असली की साखरेच्या गोण्या कंटेनरात रचायचं काम येतं. पन्नास किलोची गोणी. पाठीवर घ्यायची, थप्पी लावायची, दुसरी घ्यायची. गोणीवर कारखान्याचं नाव असतं, हंगाम असतो, एस-३० की एम-३० तेही असतं. साखरेलाही जात आहे, बरं का. कंटेनर भरला की दार लागतं, सील पडतं, सीलला नंबर. खुद्द कंटेनरला चार अक्षरं आणि सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा मोठा गमतीचा. तो आधीची अक्षरं-आकडे बरोबर लिहिलेत का, हे तपासायला ठेवलेला असतो. एक आकडा चुकला तर यंत्र बोंब मारतं. तो डबा पुढं जहाजावर चढला, दुसऱ्या मुलखात उतरला, कुठल्या धक्क्यावर किती दिवस पडून राहिला, सगळं शेठला ऑफिसात बसून मोबाईलवर दिसतं. ह्याला म्हणायचं माहिती व्यवस्था. काय व्यवस्था आहे! मी तिला सलाम करतो. खोटं नाही, खरंच करतो.

पण ह्याच साखरेच्या अलीकडच्या टोकाला माझी माय आहे. बीड जिल्ह्यातून, बालाघाटच्या डोंगरातून, दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत. नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. दोन माणसं, चार हात, आणि हिशेबात एक लोखंडाचं पातं. बाप तोडायचा, माय साळून मोळी बांधायची. मग ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायची. रात्री बारालाही आणि पहाटे तीनलाही, ट्रक येईल तेव्हा. त्या मोळीला नंबर नाही. सील नाही. ती कुणी वाहिली, किती वाहिल्या, पोटुशी असताना वाहिल्या की बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी वाहिल्या, हे जगातल्या कुठल्याच यंत्रात नाही.

एकच साखर. एका टोकाला तिचा डबा समुद्रात कुठं आहे ते कळतं आणि दुसऱ्या टोकाला ती पैदा करणाऱ्या बाईचं नाव कळत नाही. म्हणजे यंत्राला येत नाही असं नाही. यंत्राला सांगितलेलंच नाही.

आता मुद्द्यावर येतो. परिसंवादवाले ज्या गोष्टीच्या गप्पा हाणत होते ती महाराष्ट्रात पंचवीस वर्षांपूर्वी होऊन गेली. १९९८ साली वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प निघाला. पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृती दलाची शिफारस, केंद्राचा पैसा, राज्याचा पैसा, वारणेच्या सहकारी संस्थांचा पैसा. सुमारे अडीच कोटी खर्च. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं, पन्नासावर संगणक केंद्रं. कल्पना मोठी होती. शेतकऱ्याला पिकाचा सल्ला मिळेल, बाजारभाव कळेल, सरकारी दाखले मिळतील, पोरांना शिक्षण मिळेल, नोकरीच्या जाहिराती कळतील. देशभर नाव झालं. पेपरात लेख आले.

पुढं काय झालं? काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधन विभागातले लोक तिथं गेले, बघून आले. त्या संगणकांवर मुख्यतः एकच काम चाललं होतं. उसाची लागण नोंदवणं, तोडीची परवानगी, काट्यावरचं वजन, खताची उधारी, बिलाची रक्कम. बाकीचं स्वप्न कागदावर. मग २००६-०७ च्या सुमाराला त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून पाहिला. तेच काम तेवढंच झालं, आणि स्वस्तात झालं. शेतकऱ्याला रात्री-बेरात्री घरबसल्या वजन कळू लागलं.

मी ह्याची टिंगल करत नाही. शेतकऱ्याला आपल्या उसाचं वजन कळणं ही चांगलीच गोष्ट आहे. काटामारी काय असते ते मला कुणी शिकवायला नको. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात कारखान्यानं चौदा दिवसांत पैसे द्यावेत असं लिहिलंय. ते पैसे कधी निघाले, किती निघाले, हे शेतकऱ्याला विचारता आलं पाहिजे. पण बघा, त्या संगणकाला प्रश्न कोण विचारू शकत होता? ज्याचा ऊस आहे तो. ऊस कुणाचा? ज्याची जमीन, ज्याचं पाणी, ज्याचा शेअर. ज्याच्याकडं ह्यातलं काही नाही त्यानं केंद्रात जाऊन काय विचारायचं? 'माझ्याकडं जे नाही त्याचा भाव काय चाललाय?' म्हारवड्यातला, मांगवड्यातला माणूस त्या केंद्राला बंदी होती म्हणून गेला नाही असं मी म्हणत नाही. त्याला विचारायला प्रश्नच ठेवला नव्हता. आणि फडात राबणारा तोडणीवाला तर त्या गावचाही नव्हता. तो शिवारात कोपीत राहत होता.

मध्य प्रदेशातही २००० साली असंच झालं. सिगारेटच्या मोठ्या कंपनीनं, आयटीसीनं, 'ई-चौपाल' काढली. सोयाबीनचा भाव गावात बसून कळावा म्हणून संगणक ठेवला. कुणाच्या घरात? गावातल्या वजनदार, पत असलेल्या शेतकऱ्याच्या घरात. जुने अडतेही त्यात नव्या नावानं आले. चांगल्या भावाची माहिती ओसरीवर बसून मिळते, आणि ओसरीवर कोण बसतं आणि खाली अंगणात कोण उभं राहतं, हे ज्यांना माहीत नाही त्यांनी गावाबद्दल बोलूच नये.

इथं आपल्या वाचकाला थोडं मागं नेतो. लोक म्हणतात, माहिती तंत्रज्ञान नवं आहे. च्यायला, नवं कसलं! गावाची माहिती व्यवस्था आमच्या बापजाद्यांच्या पायांतच होती. कुणाचं मयत झालं, धावा पाहुण्यांच्या गावाला निरोप घेऊन. साहेबाचा घोडा आला, धावा घोड्यापुढं. सारा भरायचा आहे, सरकारी ऐवज वाहून न्या तालुक्याला. शिवेवरून दोन गावांत भांडण लागलं की महाराला बोलवा, कारण शीव त्याला ठाऊक. कुठला दगड कुठं होता, ओढ्यानं पात्र कधी बदललं, सगळं त्याच्या डोक्यात. अख्ख्या गावाचा नकाशा जिवंत माणसाच्या डोक्यात साठवलेला आणि त्या माणसाला चावडीच्या पायरीला हात लावायची बंदी. माहिती आम्ही गोळा करायची, वाहायची, राखायची. ती लिहायची मात्र कुलकर्ण्यानं. दप्तर त्याच्या माडीवर. आणि अखेर ज्याच्या हातात दप्तर, त्याचीच जमीन, त्याचाच निकाल. जोतीरावांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा ह्याच बोरूवर बोट ठेवलं होतं. शूद्रातिशूद्राला वाचता येत नाही म्हणून कागद त्याला खातो, हे त्यांनी कचेरीतल्या कारभाराच्या बारकाव्यांसकट मांडलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचं बिल आणलं ते ह्याच फुकटच्या धावाधावीविरुद्ध. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्यानं गेलं, आमचं १९५८ च्या. तलाठी आला. २०२४ पासून त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. आणि दप्तर आता सर्व्हरमध्ये गेलं.

दप्तर सर्व्हरमध्ये गेलं तर बिघडलं कुठं? आता सातबारा ऑनलाईन निघतो, तलाठ्याच्या मिनतवाऱ्या करायला नकोत, असं म्हणतील. कबूल. ज्याच्या नावाचा सातबारा आहे त्याचं काम सोपं झालं. पण दप्तरात जे लिहिलेलं होतं तेच सर्व्हरमध्ये गेलं, आणि जे लिहिलं नव्हतं ते आता अधिकच नाहीसं झालं. आमच्या आज्ज्याची गोष्ट सांगतो. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात तो तुरुंगात गेला होता. सुटून आल्यावर त्यानं गायरानाचे दोन एकर वहितीला आणले. दगड वेचले, बांध घातला. गावानं पीक जनावरं घालून चारलं, तरी पुन्हा पेरलं. सरकारनं दंड केला, त्यानं भरला, आणि पावती जपून ठेवली. कारण दंडाची पावती हाच आमचा मालकीचा पुरावा! गाव नमुना १-ई म्हणून एक नोंदवही असते, अतिक्रमणाची. तिच्यात त्याचं नाव चढलं. २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय सांगतो की भूमिहीन दलित-आदिवासींनी १४ एप्रिल १९९० पर्यंत शेतीसाठी केलेली अशी अतिक्रमणं नियमित करायची. मराठवाड्यात एकनाथ आवाडांनी आणि जमिनीच्या चळवळीतल्या माणसांनी ह्या एका तारखेसाठी आयुष्यं घातली. आमची फाईल मी जन्मायच्या आधीपासून तालुक्याला पडून आहे. आज्जा गेला, फाईल आहे.

आता २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्यानं स्वतः मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा, नोंद करायची. वा! तलाठ्यानं चावडीत बसून पीक लावायचा काळ संपला. माझ्या धाकट्या भावानं हौसेनं ॲप घेतलं, बांधावर गेला. बाजरी उभी, तूर उभी, भाऊ उभा, मोबाईलला रेंजपण होती. ॲप म्हणालं, खातेदार निवडा. आम्ही खातेदार कुठले? सातबाऱ्यावर मालक महाराष्ट्र शासन. शासनानं बाजरी पेरलेली आम्ही काही पाहिली नाही, खुरपलेली पाहिली नाही, पण ॲपला विचाराल तर तिथं आम्ही नाहीच. मग पाऊस पडो, गारा पडो, पंचनाम्यात आमचं पीक नाही, विम्यात नाही, अनुदानात नाही.

त्याच्यावर कळस म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक. १५ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात कृषी योजनांना हा क्रमांक लागतो. मिळतो कुणाला? ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला. म्हणजे शेतकरी कोण, तर ज्याचा सातबारा. शेतात राबतो तो कोण? बटईनं करतो तो कोण? नवऱ्याच्या नावावर जमीन असलेली आणि सगळी शेती स्वतः ओढणारी बाई कोण? २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी निघाले ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. १९५१ साली शेतमजूर पावणेतीन कोटींच्या आसपास होते. आता मजूर शेतकऱ्यापेक्षा जास्त आहेत, हे सरकारचाच आकडा सांगतो, आणि सरकारचंच यंत्र ग्रामीण विकासासाठी मोजायला बसतं तेव्हा कमी असलेल्यांना नंबर देतं आणि जास्त असलेल्यांना सोडून देतं. मोजणीत ज्याला धरलं नाही त्याच्यापर्यंत योजना पोचत नाही, हे हॉलातल्या बाईंना कळत नसेल? कळतं. २०११ साली जातीचीही गणना केली होती, सामाजिक-आर्थिक गणना म्हणून. जातीचे आकडे दाबून ठेवले ते ठेवलेच. आता २०२७ च्या जनगणनेत जात मोजणार, असं एप्रिल २०२५ ला जाहीर केलंय. बघू.

कर्नाटकात 'भूमी' नावाचा प्रकल्प झाला. २००१ च्या सुमाराला तिथं जमिनीचे सगळे उतारे संगणकावर घेतले, सुमारे दोन कोटी. जगभर कौतुक. २००७ मध्ये बेंगळुरूच्या अभ्यासकांनी लिहिलं की ह्याचा फायदा बडे जमीन-व्यापारी आणि कंपन्या ह्यांनी उठवला. पूर्वी गावात येऊन चार माणसांना विचारल्याशिवाय कुठली जमीन कुणाची हे कळत नव्हतं. आता शहरात बसून कळतं. गरिबाची जमीन उघडी पडली, आणि श्रीमंताला दार उघडं मिळालं.

आणि जिथं मजुराला यंत्रात घेतलं तिथं कशासाठी घेतलं तेही बघा. रोजगार हमीचं काम. आपल्या महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा, देशाचा २००५ चा. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी दुसरा कायदा संसदेत मंजूर झाला, दिवस १०० चे १२५ लिहिलेत. १ जानेवारी २०२३ पासून त्या कामांवर मोबाईलनं हजेरी सक्तीची केली होती. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो. रेंज नसली, फोटो चढला नाही, तर दिवसभर खड्डा खणलेला माणूस गैरहजर. २०२४ च्या १ जानेवारीपासून मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच. नावात एक अक्षर इकडचं तिकडं झालं की मजुरी अडकते. त्यानं भ्रष्टाचार थांबला म्हणाल तर फोटोचे फोटो काढून चढवणारे निघालेच, हे केंद्राच्या खात्यानं स्वतःच पत्र काढून कबूल केलं. मुद्दा हा की मजुराकडं यंत्राचा डोळा आहे, मजुराला यंत्रात डोकावायची सोय नाही. गोदीतही तेच आहे. आमचा अंगठा गेटवर लागतो. ठेकेदारानं आमचा फंड भरला की नाही, हे सांगणारा अंगठा कुठं आहे?

एवढं ऐकून आपल्यातले काही पुढारी मान डोलावतील. म्हणतील, बरोबर, हा सगळा बामणी कावा आहे, संगणक हाच नवा मनू आहे. मग जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या संगणकावर छापतील आणि डीजे लावतील. मी त्यांच्याशीही भांडायला आलोय. कागदाला शिव्या देऊन आपण कागदाबाहेर राहिलो, आता यंत्राला शिव्या देऊन यंत्राबाहेर राहणार? बाबासाहेबांनी कागदाला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी कागद वाचला, मग त्याच्यावर दुसरा कागद लिहिला.

माहितीनं गरिबाचं भलं होतच नाही असं नाही. पुद्दुचेरीजवळ स्वामिनाथन फाउंडेशननं १९९८ पासून गावात माहिती केंद्रं काढली. तिथं कोळ्यांच्या गावात समुद्राच्या लाटांचा अंदाज रोज भोंग्यावरून सांगत. भोंग्यावरून, हे लक्षात घ्या. कुणाच्या ओसरीवर नाही. २६ डिसेंबर २००४ ला सुनामी आली तेव्हा नल्लावाडू गावच्या सिंगापूरला असलेल्या एका माणसानं टीव्हीवर बातमी पाहून फोन केला. केंद्राचा भोंगा होता. त्यावरून ओरडून सांगितलं आणि गाव पळालं. घरं गेली, होड्या गेल्या, माणसं वाचली. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून गावोगाव जनसुनवाई घेतली. सरकारी कामाचं हजेरीपत्रक मिळवायचं आणि भर सभेत मोठ्यानं वाचायचं. अमक्यानं इतके दिवस काम केलं, इतके पैसे घेतले. सभेतून बाई उठायची, म्हणायची, तो तर मेला. दुसरा म्हणायचा, मी तेव्हा गुजरातला होतो. झालं! लाखोंची चोरी एका तासात उघडी. १९९६ ला ब्यावरला चाळीस दिवस रस्त्यावर बसले. त्यातून २००५ चा माहितीचा कायदा आला. त्यांच्याच रेट्यानं २०१९ मध्ये राजस्थान सरकारला जनसूचना पोर्टल उघडावं लागलं, न मागता माहिती दाखवणारं. ह्याला मी माहिती व्यवस्था म्हणतो. तिथं मजूर मालकाचं दप्तर वाचतो.

आता माझी गोष्ट, जी मी हॉलात सांगणार होतो.

मी सातवीत होतो. सहा महिने शाळा, सहा महिने फड, असं चाललेलं. दहा कोयत्यांची टोळी. ट्रक काट्यावर जायचा, वजनाची पावती ड्रायव्हरला मिळायची. ड्रायव्हर भला माणूस. परत आला की मला आकडा सांगायचा आणि मी वहीत लिहायचो. तारीख, गट, टन. गणिताची वही होती, मागच्या पानापासून लिहायला घेतली. हंगाम संपला, हिशेबाला बसलो. माझ्या वहीत टोळीचा ऊस १९४० टन. मुकादम म्हणाला, १६१०. कोयत्यामागं ३३ टनांचा फरक. वर खाडे वेगळे, उचलीवरचं व्याज वेगळं. बापानं भीत भीत वही पुढं केली. मुकादम पानं चाळत राहिला. मग म्हणाला, "तुह्या पोराच्या वहीला कोन इचारतंय? कारखान्यात कंपुटर हाय. जा, त्याला इचार."

बाप खरंच गेला. मीही गेलो. कारखान्याचं नाव कशाला घेऊ, सगळीकडं तेच आहे. काचेमागं बाबू. संगणकात गटवार ऊस, शेतकऱ्याचं नाव, ट्रकचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, वेळ, वजन दशांशापर्यंत. सगळं. बाप म्हणाला, साहेब, आमचे टन सांगा. बाबू म्हणाला, तुमचं नाव सिस्टीमला नाही. आमचा करार वाहतूकदाराशी. मजुरांचं तुम्ही मुकादमाला विचारा.

१९४० टन त्या यंत्रात होते. पडद्यावर होते. बापाला दाखवता येत नव्हते. कायदेशीर येत नव्हते.

पुढल्या वर्षी त्या पट्ट्यातल्या एकाही मुकादमानं माझ्या बापाला उचल दिली नाही. पोरगं हिशेब लिहितं, अशी बोंब झाली. ते वर्ष आम्ही कसं काढलं ते इथं लिहीत नाही. मी दहावी कशीबशी केली आणि मुंबईला आलो.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. चांगलं झालं, संपाशिवाय तेवढंही मिळत नाही. पण दर कशावर? टनावर. आणि टन कुणाच्या हातात? दर वाढवून टन चोरला तर वाढ कुणाच्या घरात जाते, हे कळायला सातवीचं गणित पुरतं. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऐंशी हजारांवर तोडणीवाल्या बायकांची पाहणी झाली तेव्हा त्यातल्या तेरा हजारांवर बायकांची गर्भाशयं काढलेली निघाली. तोपर्यंत हा आकडा कुणाकडंच नव्हता. पेपरात बोंब झाली म्हणून मोजलं. कोयत्याच्या हिशेबात पिशवी असते का कुठं!

म्हणून माझं मागणं साधं आहे, आणि हॉलवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर फुकटचं आहे. कारखान्याच्या यंत्रात एक रकाना वाढवा. ट्रकच्या नंबरापुढं टोळीतल्या माणसांची नावं. कोयता नको, नावं. बाप्याचं वेगळं, बाईचं वेगळं. काट्यावर वजन झालं की ड्रायव्हरला आणि शेतकऱ्याला जातो तो आकडा तोडणाऱ्याच्याही मोबाईलवर जाऊ दे. उचल किती, फिटली किती, तेही त्यातच. वारणेला २००७ मध्ये साध्या एसएमएसवर शेतकऱ्याला वजन कळत होतं, तर आज तोडणाऱ्याला कळवायला कुठलं अवघड विज्ञान लागतं? ऊसतोड कामगारांसाठी सरकारनं महामंडळ काढलंय, ओळखपत्रं वाटलीत. त्या ओळखपत्राचा नंबर काट्याच्या पावतीवर उमटत नसेल तर ते ओळखपत्र गळ्यात घालून फोटो काढायचं. गायरानाची १-ई नोंदवही सातबाऱ्यासारखी उघडी करा. शेतमजुराला, बटईवाल्याला क्रमांक द्या. कुणी म्हणेल, हे तंत्राचे प्रश्न आहेत. म्हणू दे.

आणि ते देणार नाहीत, हेही मला ठाऊक आहे. म्हणून आम्ही वाट बघत बसलो नाही. गेल्या दसऱ्याला गावाकडं गेलो तेव्हा आम्ही चार पोरं एसटी स्टँडवर वही घेऊन बसलो. जाणाऱ्यांची नावं, मुकादम, उचल, कारखाना. पहिल्या दिवशी ४६ कोयते लिहिले गेले. महार-मांग होते, वंजारी होते, बंजारा होते, दोन घरं मराठ्यांची होती. फडात सगळ्यांच्याच मानेवर तीच मोळी असते. रात्री मुकादमांची माणसं घरोघर फिरली. दुसऱ्या दिवशी १५ जणांनी येऊन नावं खोडायला लावली. एक म्हातारा म्हणाला, बाबा, तुझं खरं हाय, पर माझी लेक लग्नाची हाय. मी खोडलं. राहिले ३१.

ह्या ३१ कोयत्यांतल्या ज्या पोरांकडं मोबाईल आहे ती ड्रायव्हरकडून पावतीचा फोटो घेतात आणि मला पाठवतात. मी गोदीत असतो, पाळी रात्रीची. डबा भरता भरता खिशात फोन थरथरतो. सुट्टीत खाली बसून वहीत उतरवतो. फोटो पुसट असला की परत फोन करून विचारतो. जानेवारीअखेरपर्यंत सहा टोळ्यांचा हिशेब तंतोतंत आहे, एका टोळीचे अकरा दिवस गेलेत, कारण तिथं ड्रायव्हर बदलला आणि नवा पावती दाखवत नाही.

ज्यांच्या गावातून गाड्या जातात त्यांनी आपल्या गावची वही सुरू करावी. शंभर पानी पुरते. तारीख, ट्रकचा नंबर, टन, टोळीतल्या सगळ्यांची नावं. बायकांची नावं त्यांच्या स्वतःच्या नावानं लिहा, अमक्याची बायको म्हणून नको. वहीची एक प्रत मुंबईला कुणाकडं तरी ठेवा, कारण पहिली फाडली जाते. आमची ह्या हंगामात दोनदा फाडली.